उडी मारणाऱ्याचा विमा

लग्नात, तेरवीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही चार माणसं बसली आणि विम्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळतात. "मॅडम, तुमचं सांगा ना." मी हे किस्से काही हौसेनं गोळा केलेले नाहीत. एका माणसाचा विमा काढायला निघाले, तो काही निघेना, आणि प्रत्येक खेपेला पॉलिसीऐवजी एक किस्सा घेऊन घरी परतले. असे साचत गेले. आता लोक हसतात, मीही थोडी हसते. तेव्हा मात्र नुसता कंटाळा आला होता.

तर आमचे हे, खेमराज, फौजेत पॅराशूटवाल्या पलटणीत होते. दोन हजार पाचच्या सुमारास रिटायर होऊन गोंदिया जिल्ह्यात, आमच्या गावी देवरीला आले. फौजेत होते तोवर विम्याची काळजी सरकारची होती. मला वाटलं, आता घरचं धान बघतील. काही वर्षं बघितलंही. मग मध्य प्रदेशातल्या एका जुन्या हवाईपट्टीवर हौशी लोकांना विमानातून उडी मारायला लावणारा कॅम्प सुरू झाला. त्यांना जाणता माणूस पाहिजे होता. गिऱ्हाईक आपल्या पोटाशी पट्ट्यांनी बांधायचं आणि दोघांनी मिळून उडी मारायची, असं ते काम. हे हिवाळाभर तिकडे जायला लागले. घरात मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, दोन मुली आणि सासूबाई. मी म्हटलं, जा, पण आधी विमा काढा.

*

पहिले आले सुखदेवभाऊ. यांचे शाळेपासूनचे मित्र. तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्यांच्याच हातच्या पॉलिस्या. ओट्यावर बसून चहा घेत फॉर्म भरायला लागले. नाव झालं, वय झालं, जमीन झाली. मग विचारलं, "शेतीशिवाय दुसरं काही काम?"

"विमानातून उडी मारतो," हे म्हणाले.

सुखदेवभाऊंचा पेन थांबला. "कोणी ढकलते काय?"

"नाही गा. सोताहून मारतो."

सुखदेवभाऊंनी एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चहा संपवला. फॉर्मची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, तुमचाच काढू काय?"

*

तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. मोठ्या ऑफिसातून निरोप आला, आधी मेडिकल करा. आम्ही मोटरसायकलवर गोंदियाला गेलो. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, बीपी घेतलं. सगळं ठणठणीत. मग त्यांना यांच्या गुडघ्यावरची लांब खूण दिसली.

"ही उडी मारताना?"

"नाही साहेब, आमगावच्या रोडवर बकरी आडवी आली. गाडीवरून पडलो."

"आणि हे कोपराचं?"

"ते पण गाडीवरूनच. पावसात घसरली."

"मग उडी मारताना काय काय लागलं?"

हे आठवत बसले. "काहीच नाही लागलं अजून."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. महिनाभरानं कंपनीचं उत्तर आलं, उडीच्या धोक्यामुळे प्रस्ताव बाजूला ठेवला आहे. मोटरसायकलबद्दल कोणी काही विचारलं नाही. मेडिकलच्या दिवशी आम्ही त्याच मोटरसायकलवर, हेल्मेट न घालता, घरी परत आलो होतो.

*

मग गोंदियाचे एजंट तिवारीजी भेटले. गोड बोलणारा माणूस. आमचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भाभीजी, टेन्शन मत लीजिए. फॉर्म में लिखना ज़रूरी है क्या? शौक में लिख देते हैं, घूमना-फिरना."

यांनी विचारलं, "कहाँ से कहाँ?"

"ऊपर से नीचे, और क्या."

मला हसू आलं. खरं सांगते, मला ते पटलंही होतं. एवढे दिवस फिरून पाय दुखले होते, एक ओळ खोटी लिहिली तर कोणाचं काय जाणार होतं? पण यांनी फॉर्म परत सरकवला. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच भांडले. हे शांतपणे म्हणाले, "मी खोटं लिहीन अन् मरून जाईन. मंग कंपनीच्या दारात खोटी तू पडशील."

गोंदियापासून देवरीपर्यंत मी मागच्या सीटवर तोंड फिरवून बसले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

*

पुढच्या वर्षी एक कंपनी तयार झाली. सुखदेवभाऊ पेढे घेऊन आले. फक्त एक अट होती, उडी मारताना मरण आलं तर पैसे मिळणार नाहीत. बाकी कशानंही आलं तर मिळतील.

सासूबाई कोपऱ्यात लाखोळीची डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "सुखदेव, मले समजून सांग. घरी बसल्या-बसल्या मेला त पैसे भेटतेत?"

"हो काकू."

"तापानं मेला तरी?"

"तरी भेटतेत."

"अन् कामावर मेला त नाही भेटत?"

"नाही काकू."

सासूबाईंनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "मंग त्याले आपणच घरी मारा लागते काय?"

सुखदेवभाऊ पेढे ठेवून गेले. ते कोणी खाल्ले नाहीत, मुलींनी सोडून.

*

कुलदीपचं सांगू की नको, असं मला नेहमी होतं. पण ते सोडून बाकीचं सांगणं बरोबर नाही.

कुलदीप यांचा पलटणीतला सोबती, हरियाणाचा. रिटायर होऊन त्याच कॅम्पवर उड्या मारायचा. एकदा दोघं मिळून देवरीला आले होते. आमच्या घरी मोहाची भाजी खाऊन त्यानं नाक मुरडलं आणि मग तीनदा मागून घेतली. त्या हिवाळ्यात जमीन जवळ आली असताना वाऱ्यानं त्याला फिरवलं. पॅराशूट उघडलेलं होतं. सगळं बरोबर होतं. तरी गेला.

त्याच्याकडे अशीच अट असलेली पॉलिसी होती. महिना गेल्यावर मी त्याच्या बायकोला फोन केला.  विम्याचं विचारलं. ती म्हणाली, "दीदी, वो लोग बोले, काग़ज़ में लिखा था." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "लिखा तो था."

फोन ठेवल्यावर मी यांना काम सोडा म्हटलं. त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.  हे म्हणाले, "सोडून काय करू, ते सांग."  दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, चला नागपूरला.

*

नागपूरच्या एका ऑफिसात एक मॅडम होत्या. असल्या अवघड प्रस्तावांचा निर्णय त्यांच्याकडे. सुखदेवभाऊंनी खटपट करून वेळ मिळवली होती. मॅडमनी सगळं व्यवस्थित विचारलं.

"पॅराशूट उघडलं नाही तर?"

"पाठीवर दुसरं राहते, मॅडम."

"ते उघडलं नाही तर?"

हे म्हणाले, "त्याच्यासाठीच त तुमच्याकडे येऊन राहिलो."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग कॅल्क्युलेटरवर हप्ता काढून आमच्यासमोर धरला. उडीसकट सगळ्याचा विमा होता, कुठलीही अट नाही. मी आकडा बघून नजर खाली केली.

हे म्हणाले, "एवढा हप्ता भराचा म्हटलं त मले रोज उडी मारा लागंल."

मॅडम म्हणाल्या, "मग हप्ता आणखी वाढेल."

आम्ही उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी परत हाक मारली. "एकटे मागू नका हो. तुमच्यासारखे जितके असतील तितके मिळून मागा. सगळ्यांची एक पॉलिसी. मग परवडेल." एवढी वर्षं आम्ही इतक्या लोकांकडे गेलो. हे एक वाक्य कोणी बोललं नव्हतं.

*

त्यानंतर यांनी फोन सुरू केले. पलटणीतले जुने सोबती, कॅम्पवरचे लोक, कोणी पुण्याचा, कोणी म्हैसूरचा. कोणाचा फोन लागायचा नाही, कोणी म्हणायचा बायकोला विचारतो. एकानं सांगितलं, विमा काढला की माणूस मरतो. सासूबाई तेव्हा आजारी होत्या, पलंगावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याले सांग, मी नाही काढला. तरी मी मरून नाही राहिली काय?" यांनी ते तसंच फोनवर सांगितलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी तयार झाला.

वर्ष गेलं त्यात. पण निघाला. रक्कम फार मोठी नव्हती. मुलींचं शिक्षण निघालं असतं आणि थोडं उरलं असतं, एवढीच. अट नव्हती. सुखदेवभाऊ कागद घेऊन आले तेव्हा पेढे विसरले होते. मी त्यांना चहा दिला आणि खूप दिवसांनी त्यांच्याशेजारी नुसती बसून राहिले.  बरं वाटलं.

*

आणि हा शेवटचा.

पॉलिसी लागू झाली, त्याच आठवड्यात हे कॅम्पवर गेले. तिथला नियम असा की सकाळी गिऱ्हाइकांच्या आधी उस्तादानं, म्हणजे उडी मारवणाऱ्यानं, एकट्यानं एक उडी मारायची, वारा बघायला. फौज धरून हजाराच्या वर उड्या झाल्या असतील यांच्या. जायला निघाले तेव्हा मी पहिल्यांदा दारात हसून उभी होते.

महिन्याभरानं परत आले. संध्याकाळी ओट्यावर बसून मोजे काढत होते. मी आत कुकर लावला होता. एकदम म्हणाले, "पहिल्या दिवशी मी उडी नाही मारली."

"म्हणजे?"

"वर गेलो. दरवाजा उघडला. पायलटनं इशारा केला. मी खिशातला विम्याचा कागद चाचपत बसून राहिलो. त्याले वाटलं मले दिसला नाही, त्यानं अजून एक चक्कर मारला. अजून इशारा केला."

"मग?"

"मंग विमान उतरलं. मी पण उतरलो."

मी बाहेर येऊन उभी राहिले. "आणि नंतर?"

"नंतर काय. चहा घेतला. दुपारी पाच गिऱ्हाइकं घेऊन पाच उड्या मारल्या. महिनाभर रोजच्यासारखंच केलं."

"पण त्या दिवशी काऊन नाही मारली?"

यांनी मोज्याची गोळी करून बुटात कोंबली. माझ्याकडे बघितलं.

"कुकर उतरव," म्हणाले. "शिट्ट्या होऊन राहिल्या."