मावशींनी राखून ठेवलेला शब्द

आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. ज्या बाळाला घर नाही त्याला घर शोधून द्यायचं आणि ते सापडेपर्यंत बाळ एखाद्या सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे ठेवायचं. करायला मात्र ते काम जिवावर येतं, कारण सांभाळणाऱ्यांनी जीव लावायचा असतो आणि वेळ आली की तो सोडवूनही घ्यायचा असतो. हे दोन्ही ज्याला जमतं असं माणूस मी एकच पाहिलं. त्या मावशी.

सगळी संस्था त्यांना मावशी म्हणायची. आमच्या संचालिका मोठ्या बाई मावशींपेक्षा वयानं चांगल्या थोरल्या, पण त्याही मावशीच म्हणायच्या. मावशी कपडे शिवायच्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन आणि चिंध्यांचं गाठोडं, मागच्या खोलीत पलंग आणि त्याला चिकटून पाळणा. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. नातेवाईक होते, पण ते कपडे अल्टर करायचे असले की उगवायचे.

बाळाला नाव द्यायचं नाही हा त्यांचा दंडक होता. नाव ठेवण्याचा मान पुढच्या आईबापांचा. मग हाक काय मारायची? तर हाताशी असेल ते. त्यांच्याकडे एकेक बाळ रीळ, झालर, काज अशा नावांनी वाढून गेलं. एक फार किरकिरं होतं, त्याला त्या कात्री म्हणायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हसा तुम्ही. रात्रभर कातरत असते ती मला."

दुसरा दंडक याहून कडक होता. बाळानं त्यांना 'आई' म्हणायचं नाही. बोलायच्या वयाच्या आधीच बहुतेक बाळं जात, तरीही त्या पहिल्या दिवसापासून "मावशीकडे ये, मावशी आली" असं घोकत राहायच्या. एकदा मी म्हटलं, "म्हणू दे की, बिघडलं कुठं?" मी हे सहज बोलून गेले होते, पण त्यांनी मशीन थांबवलं.

"ताई, तो शब्द मी वापरला तर पुढचीच्या वाट्याला काय? उष्टा शब्द तिच्या ताटात वाढू? ती बिचारी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी थांबलेली असते." आणि मग दोरा दातानं तोडत, "मला काय करायचाय तो?"

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं, पण अशा वेळी आपण चहा मागतो आणि विषय बदलतो.

साथ आली तेव्हा त्यांच्याकडे बटण होती. गोल चेहऱ्याची, चपट्या नाकाची मुलगी, अगदीच तान्ही आली होती. तिच्यासाठी आईवडील ठरलेही होते. दूरच्या शहरातलं जोडपं, ती बाई शाळेत गणित शिकवायची. कागदपत्रं कोर्टात गेली आणि कोर्टालाच कुलूप लागलं. मग बस बंद झाल्या, रस्ते बंद झाले. जी मुलगी रांगायच्या आधी जायची ती मावशींकडे बसायला लागली, रांगायला लागली, मशीनचा पाय धरून उभी राहायला लागली. पुढचा उन्हाळा सुरू झाला तेव्हा तिच्या तोंडातून 'बा' आणि 'मा' बाहेर पडू लागले होते.

मावशी धास्तावल्या त्या तेव्हा. शाळेचे गणवेश शिवायचं काम बंद पडलं होतं, त्या दिवसभर मास्क शिवायच्या. मी दारात उभी राहून लांबूनच चौकशी करायची. त्या म्हणायच्या, "ताई, हिला बोलायचं आलंय. तुमचं ते कोर्ट उघडतंय की नाही? ही एकदा मला तसली हाक मारून बसली ना, की मग माझं काही खरं नाही."

नेहमीच्या दिवसांत बाळ द्यायच्या आधी आम्ही आठवडाभर आईवडिलांना बोलावतो. ते रोज येतात, बाळाला घेतात, भरवतात, बाळाला त्यांचा वास ओळखीचा होतो. मग शेवटच्या दिवशी मावशी स्वतःच्या हातांनी बाळ नव्या आईच्या मांडीवर ठेवायच्या, "ही तुझी आई" म्हणायच्या आणि संस्थेच्या मागच्या जिन्यानं निघून जायच्या. पुढच्या दारानं कधीच नाही. त्या वर्षी हे शक्यच नव्हतं. मोठ्या बाईंनी ठरवलं, की ओळख फोनवर करून द्यायची. संस्थेनं मावशींना एक चांगला फोन दिला, लाल कव्हरचा.

मावशी कामाला लागल्या की हयगय नाही. रोज सकाळी दूध झालं की फोन मशीनला टेकवून उभा करायच्या, बटणला मांडीवर घेऊन बसायच्या आणि स्वतःचं तोंड फोनमध्ये दिसू नये म्हणून मान पार वळवायच्या. फोन वाजला की म्हणायच्या, "आई आली! बघ, आई!" पलीकडे गणिताच्या बाई दिसायच्या. अगदी साधी बाई, चष्म्यातून डोळे पुसत गाणी म्हणायची. सूर यथातथाच होता. बटणला तो आवडायचा.

आणि एक दिवस फोन वाजला, आणि मावशी काही बोलायच्या आधीच बटण टाळी वाजवून म्हणाली, "आई!"

पलीकडे रडारड झाली. ऑफिसात मोठ्या बाईंनी सगळ्यांना फोन करून सांगितलं. मी मास्कच्या आत हसत मावशींकडे गेले, तर त्या मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या. "सुटले बाई," म्हणाल्या. "शब्द जिचा तिला पोचला."

चार दिवसांनी त्यांनीच मला घाईनं बोलावून घेतलं. बटण फरशीवर बसली होती. लाल फोन बंद होता, चार्जिंगसुद्धा उतरलेलं. ती त्याला केळं भरवत होती. काचेला केळं फासत होती आणि लाडानं म्हणत होती, "आई. आई."

"बघताय ना?" मावशी म्हणाल्या. "हिला तो फोनच आई वाटतोय."

मोठ्या बाई म्हणाल्या, भेट झाली की कळेल, मुलं हुशार असतात. मुलं हुशार असतातच. तिला आम्ही जे शिकवलं ते ती अचूक शिकली होती.

कोर्टानं एकदाचा कागद दिला. प्रवासाची परवानगीही मिळाली, पण आठवडाभर राहायची नाही. यायचं, घ्यायचं आणि निघायचं. संस्थेच्या अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हाताला फवारा. दवाखान्यात बसल्यासारखं वाटत होतं. गणिताच्या बाई गाडीतून उतरल्या, दोन पावलं धावल्या आणि सूचना आठवून थबकल्या. नंतर गुडघ्यांवर बसून त्यांनी हात पसरले.

बटणनं मावशींच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती किंचाळली, "आई!"

बाईंचा चेहरा फुलला. मास्कवरूनही ते कळलं. पण बटणचा हात मावशींच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेला होता. फोन पिशवीत होता. मावशींनी तो काढून दिला तेव्हा तिनं तो गालाशी धरला आणि हुंदके देत गप्प झाली.

"मी इथे आहे गं," बाई म्हणाल्या. "सोने, मी इथे आहे." त्यांनी मास्क काढून टाकला. कुणी अडवलं नाही. बटण त्यांच्याकडे बघेना.

त्यांचे यजमान गाडीशी उभे होते, त्यांना काय करावं कळत नव्हतं. आम्हा शिकल्यासवरल्या लोकांनाही कुठं कळत होतं? मावशींनीच पुढाकार घेतला. "तुम्ही गाडीत बसा," त्या बाईंना म्हणाल्या, "काच खाली करा आणि हिच्या फोनवर फोन लावा." फोन वाजला. बटणच्या हातात बाई दिसू लागल्या, बेसूर गाणं म्हणणाऱ्या. मावशी तिला घेऊन हळूहळू गाडीकडे चालत गेल्या. फोनमधला चेहरा आणि खिडकीतला चेहरा शेजारी शेजारी आले. बटण एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. ओळख पटली असं काही मी म्हणणार नाही. रडून रडून ती दमली होती. मावशींनी तिला खिडकीतून आत दिलं, "ही तुझी आई" म्हणाल्या, आणि बाईंना म्हणाल्या, "फोन तिच्याकडेच असू दे. निघा आता." अंगणाला मागचा जिना नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, गाडी वळेपर्यंत.

बाळ गेल्यावर सांभाळणाऱ्यांनी काही काळ संपर्क ठेवायचा नाही असा आमचा नियम आहे. मावशींनी तो कधी मोडला नव्हता. या वेळी नियम मोडायला आला तो पलीकडून. गणिताच्या बाईंचा मला फोन आला. आवाज पार खोल गेला होता. बटण खात नव्हती. दूधही जेमतेम. बाई जवळ गेल्या की फोन छातीशी धरून कोपऱ्यात सरकायची आणि फोनलाच 'आई, आई' करत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि त्या दिवसांत दवाखान्यात ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. "एकदा मावशींना दिसू दे तिला," बाई म्हणाल्या. "फक्त एकदा. मला कमीपणा वाटत नाही. मला ती जगायला हवीय."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली. मी माझा फोन घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी साफ नाही म्हटलं.

"अहो, मी त्या फोनमध्ये दिसले तर ती काय म्हणेल, कळतंय का तुम्हाला? फोनमध्ये येते ती आई, हे मीच तिच्या डोक्यात भरवलंय."

"मावशी, ती खात नाहीये."

त्या पाळण्याकडे बघत बसल्या. पाळण्यातली चादर अजून काढलेली नव्हती. मग उठल्या, तोंड धुतलं, केस सारखे केले. म्हणाल्या, "त्या बाईंना सांगा, हिला मांडीवर घेऊन बसायचं. मी बसायचे तसंच, मागून धरून. रडली तरी सोडायचं नाही. आणि बोलायचं नाही, मी सांगेपर्यंत."

मी फोन लावला. बटण दिसली. गोल चेहरा लांबुडका झाला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिच्या मागे बाई, ओठ घट्ट मिटलेले. मावशींनी मास्क उतरवला आणि फोन समोर धरला.

बटणनं बघितलं. आधी ओठ थरथरले. मग सगळा चेहरा उजळला आणि ती ओरडली, "आई!"

मी मावशींकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. त्या पोटच्या लेकराकडे बघावं तशा बघत होत्या. इतकी बाळं हातांखालून गेली आणि हा शब्द कुणाकडून येऊ दिला नव्हता त्यांनी. क्षणभर वाटलं, आता या 'ओ' देणार. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला होता.

"मी मावशी," त्या म्हणाल्या. "मी मावशी गं. आई मागे आहे. मागे बघ."

"आई," बटण पुन्हा म्हणाली आणि काचेला हात लावला.

मावशींनी अंगठा उचलला आणि फोनच्या कॅमेऱ्यावर ठेवला. तिकडे अंधार झाला असणार. बटण भोकाड पसरून रडली. आम्हाला ती दिसत होती, तिला आम्ही दिसत नव्हतो. अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता आणि मावशी शांत आवाजात बोलत होत्या, तिला झोपवताना बोलायच्या तसं. "बटण, आई कुठंय? तिथे नाही. मागे बघ. शोध बघू. बाई, गाणं म्हणा. म्हणा आता."

बाईंनी गाणं धरलं. बेसूरच, आणि त्यात रडणं मिसळलेलं. बटणचं रडणं मध्येच थांबलं. तिनं काळ्या काचेकडे बघितलं. मग मान वळवली. हात वर नेला आणि बाईंचा गाल चाचपला, नाक धरलं, चष्मा ओढला. गाल मऊ होता, ओला होता. तिला नवल वाटत होतं.

"आई?" ती म्हणाली.

"ओ," बाई म्हणाल्या. "ओ राणी, ओ."

"कट करा," मावशी मला म्हणाल्या. फोन त्यांच्याच हातात होता आणि त्यांना तो बंद करता यायचा. मी केला.

बराच वेळ त्या अंगठा चोळत बसल्या. संध्याकाळी निरोप आला की बटणनं केळं खाल्लं, बाईंच्या हातून. पण ते नंतर. त्या वेळी आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

"ताई," मावशी म्हणाल्या, "मला म्हणाली ती. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर उद्या मलाच वाटलं असतं, आपल्या मनाचे खेळ."

मग त्या उठल्या, पाळण्यातली चादर काढून धुवायच्या बादलीत टाकली, मास्क चढवला आणि मशीनवर बसल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो आणि मी लांब होते, मास्कची काही गरज नव्हती. मीही माझा नाकापर्यंत वर ओढून घेतला.