अक्काचा दुसरा टप्पा गेला कुठे?

मित्रांनो, मी मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार गुंडाळणं, कुणाकडे न जाता स्वतः शिकलो. त्यामुळे आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही.

आज बेलापूरहून थोरल्या बहिणीला, अक्काला, नगरला दवाखान्यात नेलं. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. हाताने तपासून डॉक्टरबाईंनी पहिला टप्पा सांगितला होता. आज एमआरआय बघून तिसरा म्हणाल्या.

मी लगेच धरलं, "मॅडम, मधला दुसरा कुठे गेला?"

अक्काचा चेहरा उतरला. "कांदे काढायचे म्हनून मी स्कॅनला पंधरा दिस उशीर केला. त्यात वाढलं का वो?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही अक्का, गाठ तेवढीच आहे. पण ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीत आजार आधीच पोचलेला असणार. तो हाताला कळत नाही, स्कॅनमध्येच दिसतो. तिथे दिसला की गाठ लहान असली तरी टप्पा थेट तिसरा. म्हणून आता ऑपरेशनऐवजी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो."

मोटार उघडली की जळालेली वाइंडिंग दिसते. उघडल्यामुळे ती जळत नाही. इतकं साधं, पण मला आज कळलं.

परतताना अक्का म्हणाली, "बरं झालं इचारलंस. मी सोताला लई शिव्या देत हुते."

रिपोर्टमधलं न कळलेलं तुम्ही तिथल्या तिथे विचारता, की घरी येऊन कुढता?