हद्दीपलीकडची होडी

कोमाकी यासुजी गवताच्या तातामी चटया शिवायचा आणि कुराहाशी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचा प्रमुखही होता. दोन्ही कामांत गुडघे जातात, एवढंच त्यांत साम्य आहे, असं तो म्हणे. त्याच्या पथकाकडे एक रबरी होडी होती. शेजारच्या मिनासेकडे होडी नव्हती, पण दोन मोठे पंप होते. संकटात आपल्याकडे असेल ते दुसऱ्याला द्यायचं, असा करार दोन्ही नगराध्यक्षांनी हारतुऱ्यांसकट केला होता. दोन गावांमधली हद्द म्हणजे भातशेतीतला एक पाट. लांब टांग टाकली की माणूस पलीकडे.

त्या वर्षीच्या वादळात मिनासेची खालची आळी बुडाली. बांधावरून यासुजीला ओतोवा आजीचं केशकर्तनालय दिसत होतं. माडीच्या खिडकीतून ती टॉवेल हलवत होती. होडी फुगवून तयार होती, पण करारानुसार मिनासेने मागितल्याशिवाय ती हद्द ओलांडू शकत नव्हती. आणि मिनासे काही मागत नव्हतं. शेवटी यासुजीनेच तिथल्या कार्यालयात फोन लावला. मिझोगुची नावाचा अतिशय नम्र अधिकारी बोलला.

"गेल्या वर्षी तुमची माणसं आमच्याकडे राबली, कोमाकीसान. त्याची परतफेड आमच्याकडून राहिलीय. पुन्हा हात पसरायला नगराध्यक्षसाहेबांना संकोच वाटतो."

"संकोच."

"हो. तुम्ही समजून घ्यालच."

"मी नाही समजून घेत. म्हातारी माडीवर अडकलीय, आणि तुमचे साहेब मागच्या हिशेबात."

"तुम्ही न मागता आलात तर आमच्यावर आणखी एक उपकार चढेल. कृपा करून तेवढं करू नका."

यासुजीने फोन ठेवला आणि नियम म्हणून थांबला. पथकातली हात्सुए, एरवी नूडल्सचं दुकान चालवणारी, होडीला टेकून म्हणाली, "दादा, आपण इथे त्यांच्या संकोचाला सोबत म्हणून उभे आहोत का?"

थोड्या वेळाने टॉवेल हलायचा थांबला. मग मात्र त्याने कुणालाच विचारलं नाही.

आजी माडीवर कपाटाला धरून उभी होती. पाणी तिच्या कमरेपर्यंत, ओठ निळे.

"किती उशीर केलास रे पोरा," ती म्हणाली. "मला वाटलं, मी तुम्हाला दिसलेच नाही."

"दिसला होतात, आजी," यासुजी म्हणाला. याहून वाईट वाक्य तो आयुष्यात बोलला नव्हता.

आजी वाचली, पण फुप्फुसं कायमची गेली. दुकान बंद झालं.

पाणी ओसरल्यावर कुराहाशीच्या नगर कार्यालयाने तत्परता दाखवली. न मागता शेजाऱ्याच्या हद्दीत शिरून त्याला कानकोंडं केल्याबद्दल यासुजीने मिनासेच्या नगराध्यक्षांची माफी मागावी, असं ठरलं. सोबत सुबक कागदात गुंडाळलेला मिठाईचा डबाही दिला. म्हणजे आता मिनासेला त्या डब्याचीही परतफेड करावी लागणार होती, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दालनात दोन्हीकडचे अधिकारी हात बांधून उभे होते. यासुजीने डबा टेबलावर ठेवला आणि कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. सगळ्यांना बरं वाटलं.

"माफी मागतो," तो तसाच वाकून म्हणाला. "तुम्हाला फोन करण्यात वेळ घालवला, त्याची. पुढच्या वेळी आधी निघेन."

मग तो सरळ झाला आणि बूट घालायला बाहेर गेला.