होडीत चढलेली कानतुटी

आमच्या घरात भुताखेतांना कधी थाराच नव्हता. आम्ही बौद्ध, त्यात वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गावात कुणाच्या अंगात आलं की अण्णा मुद्दाम तिथे जाऊन प्रश्न विचारायचे आणि लोक त्यांना हाकलून द्यायचे. मी स्वतः हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे 'हे असं का झालं' ते शोधणं हेच माझं काम. इथे लोक लिहितात ते अनुभव मी आवडीने वाचते, पण प्रत्येकाला मनातल्या मनात एखादं कारण चिकटवते आणि विसरून जाते. हा माझा स्वतःचा अनुभव मात्र कुठल्याच कारणाला चिकटत नाहीये... म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं माहेर कासारसाईचं. मी लहान असताना अण्णांनी शाळेतून गोष्टीचं एक पुस्तक घरी आणलं होतं. नावाड्याची मुलगी रुणू, नदीला पूर आल्यावर बापाची होडी घेऊन जंगलातले प्राणी पैलतीरावर नेते, अशी गोष्ट. मला वाचता येत नव्हतं. माझा मोठा भाऊ मिलिंद रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला ती वाचून दाखवायचा. वाचायचा कसला... निम्मी पदरचीच सांगायचा! आमच्याकडे एक शेळी होती, कुत्र्याने तिचा डावा कान तोडलेला. मिलिंदने ती सरळ गोष्टीत घुसवली. ही कानतुटी कायम उशिरा यायची. होडी सुटली की काठावरून ओरडायची, "थांब की गं लुणे, मी आले!"

लुणे – कारण मिलिंदला 'र' नीट म्हणता यायचा नाही. आणि गोष्ट संपली की त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "झाली गोष्ट. झोप आता."

एका संध्याकाळी त्याने कानतुटीला काठावर एकटीच ठेवली. सगळे प्राणी गेले, पाणी वाढत चाललंय, होडी दिसेना. मी रडकुंडीला आले. "मग? मग काय झालं?"

"उद्या सांगतो," म्हणाला.

त्याच रात्री झोपेत त्याला मण्यार चावली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर आईने घरात त्याचं नाव घेतलं नाही. फोटोही ट्रंकेत गेला. ते पुस्तक कुठे गेलं माहीत नाही. आणि कानतुटीचं मी कुणालाच कधी सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा. काय सांगणार?

आता मूळ प्रसंग. गेल्या दिवाळीच्या सुट्टीतला, भरदुपारचा. आम्ही भूगावला फ्लॅटमध्ये राहतो. अण्णा गेल्यापासून आई सणासुदीला आमच्याकडे येते. नवरा, राहुल, कामासाठी बेंगलोरला होता. आई किचनमध्ये भाकरीचं पीठ मळत होती. मी आणि माझी मुलगी अन्वी टीव्हीवर काय बघायचं ते शोधत होतो... आणि स्क्रीनवर रुणू दिसली. त्या गोष्टीवर ॲनिमेशन फिल्म आली होती! मला पत्ताच नव्हता. मी इतकी खूश झाले की अन्वी म्हणाली, "आई, तू का उड्या मारतेस?"

फिल्म खरंच छान होती. पूर आला, रुणूने होडी काढली, प्राणी चढले. होडी काठापासून सुटली – आणि झाडीतून एक शेळी धावत आली. डावा कान तुटलेला.

मला आधी हसूच आलं. वाटलं, काय योगायोग आहे! तेवढ्यात ती ओरडली,

"थांब की गं लुणे, मी आले!"

बाकी सगळी पात्रं शुद्ध पुस्तकी मराठी बोलत होती. हा आवाज वेगळा होता. एका मुलाचा, जरा घोगरा, आमच्या गावाकडचा. मी तो आवाज इतक्या वर्षांत विसरलेय असं मला वाटायचं. आणि त्याच क्षणी किचनमधून आई, अगदी सहज, हातातलं काम न थांबवता म्हणाली,

"मिल्या, हळू बोल की रं. अण्णा झोपलेत."

किचनमधून टीव्ही दिसत नाही.

मग तिच्याच लक्षात आलं असावं. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि सोफ्याच्या मागे उभी राहिली. स्क्रीनवर रुणूने होडी वळवली, परत काठाला लावली आणि शेळीला दोन्ही हातांनी ओढून आत घेतलं. बाकीचे प्राणी सरकून बसले. शेळीने अंग झाडलं, अन्वी खळखळून हसली. मग ती शेळी आमच्याकडे तोंड करून म्हणाली,

"झाली गोष्ट. झोप आता."

पुढे फिल्म नेहमीसारखी चालू राहिली. त्यात शेळी परत आली नाही.

मी आईकडे बघायला घाबरत होते. ती रडत नव्हती. पदराने हात पुसत एवढंच म्हणाली, "पोचला बाई. मला वाटायचं, हितंच कुटंतरी आडकलाय."

मी रिमोटने सीन मागे नेला. होडी सुटते, झाडी दिसते... पुढचा सीन. धावत येणारी शेळी नाही, तो आवाज नाही. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. अन्वी तर रडायलाच लागली – "आई, तू तिला डिलीट का केलंस?"

राहुल आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत फिल्म पाहिली, फोनवरही पाहिली. शेळी कुठेच नाही. तो म्हणाला, "तुम्ही दोघींनी इतकी वर्षं मनात दाबून ठेवलंय, ते असं बाहेर आलं." मलाही हे पटवून घ्यायचं आहे. पण अन्वीला मामा होता हेच तेव्हा माहीत नव्हतं. तिला शेळीचा कोणता कान तुटलेला होता विचारलं, तर तिने बरोबर डावाच दाखवला. आणि मिलिंदचा आवाज कधी कुठे रेकॉर्ड झालेला नाही. आमच्याकडे तेव्हा साधा टेपही नव्हता.

आई आता त्याच्याबद्दल बोलते, भरभरून बोलते. अन्वी विचारते आणि ती सांगत बसते. ती फिल्म मात्र पुन्हा लावू देत नाही. "कशाला? झालं की आता," म्हणते.

मी एकटी असताना लावते. शेळी दिसत नाही, ते आता मी मान्य केलंय. पण पैलतीराला लागण्याआधी होडी वरून दाखवलीय, तो सीन प्रत्येक कॉपीत आहे, तुम्हीही बघू शकता. सगळे प्राणी एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने बसलेत. फक्त रुणूच्या शेजारची जागा रिकामी आहे... आणि तिचा एक हात तिथेच, हवेत, कुणाच्या तरी पाठीवर ठेवल्यासारखा आहे.