विमलकाकूंचं पातेलं

इमारतीची साफसफाई बघणाऱ्या कस्टोडियनने सोमवारी सकाळी ते ट्रॉलीवरून आणलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं. काउंटर निम्मा झाकला गेला.

"हे काय आहे?" कॅरलने विचारलं. कॅरल म्हणजे माझी बॉस.

"पातेलं," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"मसालेभातासाठी. साधारण ऐंशी माणसांच्या."

तिने फॉर्मवर 'इतर' या चौकोनात खूण केली.

हे २००४ सालचं, सप्टेंबरमधलं. अमेरिकेत, ट्रॉयजवळच्या एका युनिव्हर्सिटीत मी शिकत होते आणि तिथल्याच लॉस्ट अँड फाउंड ऑफिसात आठवड्याचे वीस तास काम करत होते. काम सोपं आहे. सापडलेल्या वस्तूला नंबर लावायचा, त्याला टॅग म्हणतात. कुणी मागायला आलं की वस्तू न दाखवता तिचं वर्णन विचारायचं, तो क्लेम. तीस दिवसांत कुणी आलं नाही तर वस्तू सरप्लसमध्ये जाते, म्हणजे विकली जाते. आणि वस्तूवर नाव असेल तर आपणहून फोन करायचा.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. छापील नियम दिसला की मी तो पाळते. न पाळण्याइतका आत्मविश्वास मला अजून आलेला नाही. त्यात, आदल्याच आठवड्यात मी एका मुलाला दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर देऊन बसले होते. त्याने वर्णन केलं होतं, "काळा, बटणं असलेला." कॅरल शांतपणे म्हणाली होती, "पुन्हा असं झालं तर मला तुला कॅफेटेरियात पाठवावं लागेल." कॅफेटेरियात ताटं धुताना अभ्यास करता येत नाही. इथे येतो.

पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. सौ. विमल देशमुख. शनिवारी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम झाला होता. मंडळाची फोनची यादी माझ्याकडे होती. मी फोन केला.

"पातेलं? माझं?" विमलकाकू म्हणाल्या. "छे गं, माझं घरी आहे. थांब हं."

बराच वेळ कपाटं उघडल्याचे आवाज आले.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "मी येते."

त्या पोचायच्या आधी कुंदाकाकू आल्या. शनिवारचा मसालेभात त्यांनीच केला होता, म्हणून मी त्यांना ओळखत होते.

"अगं, माझं पातेलं राहिलंय."

पातेलं समोरच होतं, तरी नियम म्हणून मी वर्णन विचारलं. तिकडे न बघताच त्या म्हणाल्या, "बुडाला पोचा आहे. एक कडी ढिली, ती मी सुतळीने बांधलीय. आतून भाताची खूण आहे, तिथवर पाणी घालायचं."

इतकं चांगलं वर्णन माझ्या नोकरीत कुणी केलं नव्हतं.

"पण काकू, नाव विमलकाकूंचं आहे."

"नाव तिचंच असणार. पातेलं माझ्याकडे असतं."

"कधीपासून?"

"झाली असतील तीन-चार वर्षं. तू दे गं, मला पार्किंगची घाई आहे."

"मी त्यांना फोन केलाय," मी म्हटलं.

कुंदाकाकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. "कशाला?"

तेवढ्यात विमलकाकू आत आल्या. दोघी एकमेकींना बघून खूप हसल्या.

"अय्या, हे तुझ्याकडे होतं होय? असू दे गं, असू दे," असं म्हणत विमलकाकूंनी एक कडी धरली.

"नाही नाही, तुझंच आहे, ने की," म्हणत कुंदाकाकूंनी दुसरी.

कुणीच सोडेना.

"मी काही मागायला आले नव्हते हं," विमलकाकू म्हणाल्या. "हिनेच फोन केला."

"हो ना. काय गरज होती?"

आता दोघी माझ्याकडे बघत होत्या. आवाज ऐकून कॅरल बाहेर आली. मी तिला सांगितलं की दोन क्लेम आहेत. तिने नियम सांगितला. दोघींनी मिळून सही केली तरच वस्तू बाहेर जाईल, नाहीतर तीस दिवसांनी सरप्लस.

"माझ्या वस्तूसाठी मी का लिहून देऊ?" विमलकाकू.

"आणि मी सही केली तर मी चोरलं असं नाही का होणार?" कुंदाकाकू.

मी टॅग हातात धरून उभी होते. कॅल्क्युलेटरनंतर दहा दिवसांत हे.

कॅरलने वातावरण हलकं करायला पातेल्यावर टिचकी मारली. "सरप्लसमध्ये गेलं तर मीच घेईन," ती म्हणाली. "अंगणात झाड लावायला छान आहे. तळाला भोकं पाडली की झालं."

ती मनापासून म्हणाली होती.

"भोकं?" कुंदाकाकू म्हणाल्या.

विमलकाकूंनी काठावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "आईने दिलंय मला ते, लग्नात."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

कुंदाकाकूंनी कडी सोडली.

फॉर्मवर दोन ओळी असतात. एक मालकाची, एक वस्तू नेणाऱ्याची. एरवी दोन्हीकडे एकच माणूस सही करतो. मी फॉर्म पुढे सरकवला आणि भीत भीत म्हटलं, "इथे दोन नावं वेगळी चालतात."

विमलकाकूंनी मालकाच्या ओळीवर सही केली. पूर्ण नाव, सौ. सकट. मग फॉर्म कुंदाकाकूंकडे ढकलला. "रविवारी साठ माणसं आहेत ना तुझ्याकडे? ने."

"सोमवारी आणून देते."

"बघू."

पातेलं कुंदाकाकूंच्या गाडीतून गेलं. म्हणजे सकाळपासून एवढं सगळं होऊन ते जिथे असायचं तिथेच गेलं. कॅरलने फॉर्म नीट वाचला, दोन्ही सह्या पाहिल्या आणि माझं पुढच्या आठवड्याचं शेड्यूल भिंतीवर लावलं. वीस तास, त्याच काउंटरवर.

सोमवारी पातेलं परत गेलं की नाही, मला माहीत नाही. क्लेम बंद झाला की आमच्याकडे फाइल बंद होते. दोन्ही काकू मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी जपूनच बोलत होत्या.

मी एक गोष्ट शिकले. फोन केल्यावर आता मी आधी विचारते, तुमचं काही हरवलंय का? नाही म्हणाले, तर सापडल्याचं सांगायची घाई करत नाही.