उमरेडच्या रस्त्यावरची जीप

वडिलांनी कामठीहून एक जुनी जीप विकत आणली होती. तिचं वायरिंग पार कुजलेलं. कधी हॉर्न आपोआप वाजायचा, कधी चालता चालता इंजिन गप्प व्हायचं. तरी वडिलांना तिचा फार अभिमान होता.

उमरेडला दिलेली माझी मोठी बहीण बाळंतपणात अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा आई एसटीने जाऊ म्हणाली. "घरची गाडी असताना बस काहून?" म्हणत वडिलांनी जीप काढली. अर्ध्या वाटेत ती बंद पडली. भर उन्हात वडील बॉनेट उघडून एकेक वायर हलवून पाहत होते, तेवढ्यात मागून उमरेडची बस येताना दिसली.

"अहो, तिले हात दाखवा न," आई म्हणाली.

"झालंच आता, करून राहिलो न मी," ते वर न पाहताच म्हणाले. बस निघून गेली.

आम्ही पोचलो तेव्हा बहिणीला जाऊन अर्धा तास झाला होता. आई आली का, असं ती सारखी विचारत होती, हे तिच्या सासूने सांगितलं.

आईने वडिलांना त्यावरून कधी एक शब्दही ऐकवला नाही. "तिनं एकदा तरी भांडाले पाहिजे होतं गा," म्हातारपणी वडील मला म्हणाले.