दोन कुलपं आणि मागचं दार

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, कारण त्याच्यावर मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

राहनाळच्या आमच्या गोदामातून परदेशी गेलेल्या औषधांबद्दल तक्रार आली आणि उरलेली खोकी तपासायला आपल्या आणि त्या देशाच्या, दोन्ही सरकारांचे अधिकारी आले. पण तपासायची कुठे? परदेशी अधिकाऱ्यांना आमचं गोदाम नको होतं आणि आमचे साहेब त्यांच्या वकिलातीत जायला तयार नव्हते. चार दिवस घासाघीस होऊन अंजूरचं समाजमंदिर ठरलं. हा माणूस तिथला राखणदार.

कामतघरला भागीदार भांडले की यंत्रमागाच्या कारखान्याच्या शटरला दोघंही आपापलं कुलूप लावतात. तशी दोन कुलपं मी सुचवली, तेव्हा दोन्ही बाजू खूश झाल्या. हा राखणदार मात्र कोणाचाच चहा न घेता, कानावरची विडी काढून बोटांत फिरवत नुसता बघत होता. हा त्यांचाच माणूस, माझी खात्री पटली.

खोकी आत ठेवून सगळे जेवायला निघाले, तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, पुढं दोन कुलपं लावलीत. मागल्या दाराला नुसती कडी हाय, त्याचं कुनी इचारलंच न्हाय."

मी धावत मागे गेलो. तिथे परदेशी अधिकाऱ्यांचा दुभाषा आधीच धापा टाकत उभा होता. त्यालाही याने हेच सांगितलं होतं.

आम्ही दाराच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मग राखणदार स्टूल घेऊन आला, आमच्या मधोमध ठेवून त्यावर स्वतःच बसला.

"जा, जेवून या दोघं," तो म्हणाला.

आम्ही दोघंही हललो नाही.